कुंपणावरून घेतलेलं नाव

न्यूनेन, एप्रिल २०२१

तीर्थरूप शैलावन्सं,

कुमुदिनीचा वाकून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? लस घेतलीत, की अजून काढ्यावरच भिस्त? इकडे पुष्कर खुशाल. जेवणाच्या टेबलावर ऑफिस मांडून बसतो आणि मीटिंग असली की मला कुकर लावू देत नाही. विमानं बंद पडल्यापासून मी लेकाकडेच अडकलेय.

माझा नाव घेतानाचा व्हिडिओ पाहून तुम्ही ग्रुपवर विचारलंत, आमचा भाऊ गेल्यावर वहिनींना हे शोभतं का? शोभतं. कसं, ते ऐका.

आमच्या डावीकडे झहारा राहते, मलाक्याची मलय बाई, माझ्यासारखीच एकटी. उजवीकडे हेंक, इथलाच डच माणूस. माझ्या फोडणीच्या वासावरून तो एकदा कुंपणापाशी येऊन कुरकुरला. (हिंगाला नाक मुरडणारे आपल्याकडेही आहेत, नावं घेत नाही.) तर झहाराने पलीकडून त्याला पंतून ऐकवलं. म्हणजे चार ओळी: पहिल्या दोन केळीच्या, नदीच्या, कशाशी संबंध नसलेल्या, खरा टोला पुढच्या दोनांत. तिच्या गावात मलय, चिनी, तमिळ सगळे लग्नात आणि भांडणातसुद्धा असंच बोलत. यमक शोधताना हात उगारायला फुरसत कोणाला? हेंकही कमी नाही. हे लोक डिसेंबरच्या सणाला एकमेकांना यमकातच चिमटे काढतात. त्याने उलट चार ओळी हाणल्या आणि माझी कांदाभजी संपवली.

मग दोघं माझ्याकडे बघायला लागले. मला येतो तो उखाणा. तोंड उघडलं आणि अडखळले. हे गेल्यापासून मला कोणी नाव घे म्हटलेलं नाही. हळदीकुंकवाला बायका बाहेर नावं घेत, मी आत पोहे परतत असे. वन्सं, फार लागायचं ते. झहाराला हे सांगितलं तर ती म्हणाली, "माणूस गेला म्हणून ओळी कशा जातील?"

मग घेतलं, खणखणीत:

न्यूनेनच्या तळ्यामध्ये बदकांची जोडी,
दीनानाथरावांच्या नावाला अजून तीच गोडी.

हेंकला अक्षर कळलं नाही, तरी टोपी काढली. आता रोज घेते.

तुमची,
कुमुदिनी

ता. क. तुमच्या अपूर्वाचं लग्न तुम्ही ऑनलाइन लावताय. नावं घ्यायच्या वेळी माझा आवाज बंद करू नका. केलात, तर झहारा तिच्या फोनवरून हजर आहे. उखाणा तिच्याकडून पाठ करून घेतलाय.

ता. क. २. व्हिडिओ पुष्करकडून चुकून गेला, असं त्याने तुम्हाला सांगितलं. बिचारा मला सांभाळून घेतो. टाकला मीच.