मोहफुलांची सर्वांना चालणारी खीर

४ मे, रविवार
बुद्धपौर्णिमेला राजुऱ्याहून पाहुणे. आमच्या पोरीसाठी, दीपिकासाठी. मुलगा कुलदीप तिच्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. दोघांचं ठरलंय, त्याच्या आईवडिलांचा होकार तेवढा बाकी. म्हणजे सगळी जबाबदारी माझ्यावर.

दुपारी
माहिती काढली. वडील डोमाजींना शुगर. आई नंदिनीबाईंना दूध पचत नाही. कुलदीप जिमवाला, त्याला प्रोटीन लागतं. आणि पौर्णिमेला खीर तर हवीच. रिना म्हणाली, "साधी खीर करतो मी. ज्याले जेवढी पाह्यजे तेवढी खाईल." बायकोला प्लॅनिंग कळत नाही. पंचायत समितीत सगळ्या पार्ट्यांना खूश ठेवलेला माणूस मी. खिरीत हरणार?

६ मे
फॉर्म्युला सापडला! दुधाऐवजी नारळाचं दूध. प्रोटीनला सोयाबीन. साखरेऐवजी मोहफुलं. फुलंच ती, फुलात साखर कुठून येणार?

८ मे
चामोर्शीच्या बाजारातून मोहफुलं आणली. विकणाऱ्यानं भरपूर दिली. वर हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, जपून न्या." मालाची कदर असलेला माणूस.

१० मे
फुलं भिजवली. दीपिका म्हणाली, "बाबा, नका करू ना जी." लाजते पोरगी.

११ मे
फुलांवर फेस आलाय. ताजेपणाचं लक्षण. संध्याकाळी खीर शिजवली. खिरीचं मोठं भांडं, म्हणजे आमचा गंज, फ्रिजमध्ये मावेना, मागच्या पडवीत ठेवला. उन्हात तापलेली पडवी, छान मुरेल. रिनाला दुसरी खीर करायला सक्त मनाई. एक घर, एक खीर. ती शेजारच्या शकिलाभाभींकडे निघून गेली. रुसली असेल.

१२ मे, बुद्धपौर्णिमा
सकाळी सगळे विहारात. डोमाजींचा आवाज खणखणीत. पंचशीलातलं पाचवं शील, मद्य न घेण्याचं, तर त्यांनी विशेष जोर देऊन म्हटलं. सज्जन माणूस.

घरी आलो. झाकण मी स्वतः काढलं. घमघमाट! नंदिनीबाईंनी नाकाला पदर लावला. भरून आलं असावं. डोमाजी बराच वेळ गंजाकडे पाहत राहिले. मग हळूच विचारलं, "गुणवंतराव, तुम्ही घेता का जी?"
मी म्हटलं, "रोज नाई जी. सणासुदीले दोन वाट्या."
कुलदीप दीपिकाकडे पाहतोय, दीपिका जमिनीकडे.
तेवढ्यात शकिलाभाभी मागच्या दारानं एक पातेलं घेऊन आल्या. आत साधी खीर! कटच होता. डोमाजींनी अर्धी वाटी घेतली. नंदिनीबाईंनी पर्समधून कसलीशी गोळी काढून गिळली आणि वाटी पुढे केली. कुलदीप मोजण्यापलीकडे. माझी कोणी चाखलीसुद्धा नाही. नवीन गोष्टीला वेळ लागतो.
जाताना डोमाजी एवढंच म्हणाले, "कळवतो."

१३ मे
फोन नाही. दीपिका डबा न घेता ड्युटीवर गेली. रिना म्हणाली, "पोरीचं काही झालं ना, तर याद राखा." मी रात्रभर जागा. उकाडा फार आहे.

१४ मे
फोन नाही. गंज रिकामा केला. वास जात नाही. उकाडा कायम.

१५ मे
होकार आला! मला खात्री होतीच. माणूस ओळखायला खीर पुरते. शिवाय डोमाजींनी मला रविवारी राजुऱ्याच्या विहारात खास बोलावलंय. व्यसनमुक्तीचा कार्यक्रम आहे. विषय जिव्हाळ्याचा. लगेच भाषण लिहायला बसलो. "बंधूंनो आणि भगिनींनो" इथपर्यंत झालं.
दीपिका डोकावली. कितीतरी दिवसांनी हसली.
"बाबा, भाषण डॉक्टर करणार हायेत जी. तुमाले समोर सतरंजीवर बसाचं हाये."

संध्याकाळी
जाणार म्हणून कळवलं. सतरंजीवर पुढच्या रांगेत जागा ठेवा म्हटलं.