वज्रा मेल्यावर कुठे गेली

कोपरी, ठाणे (पूर्व)
६ मार्च १९९५

ति. शिवराममामांस,
शालनचा सविनय जयभीम. वि. वि.
काल तुमच्याकडून निघाले ती रागातच घरी पोचले. आईने विचारलं, झालं काय? म्हटलं, वज्रा गेली. आई घाबरून चपला घालायला लागली! मग सांगावं लागलं की वज्रा म्हणजे आपल्या फाशांच्या खेळातलं माझं पात्र, तळ्याची रखवालदार. दोन वर्षं जपलेली.

मामा, ती मेली त्याचं काही नाही. राजाच्या शिपायांनी घेरल्यावर मरणारच. पण तहानेने कासावीस झालेल्या गावासाठी तिने तळ्याचं कुलूप उघडलं, आणि तुम्ही खेळाच्या नियमांचं पुस्तक चाळून निकाल देता की रखवालीची शपथ मोडली, सबब मेल्यावर रवानगी नरकात, अंधारविवरात! चांगुलपणाचे गुण कुठे गेले? आणि तो राजा मात्र मेल्यावर स्वर्गात, सुवर्णनगरीत जाणार, कारण त्याने एकही नियम मोडला नाही. मोडेल कशाला, नियम करणारा तोच! निकाल बदला, नाहीतर मी यापुढे खेळायला येणार नाही.

पुस्तकावरचा थोडा लोभ काढून भाचीकडे वळवावा.
आपली रागावलेली
शालन


आंबिवली
९ मार्च १९९५

चि. शालन हिस अनेक आशीर्वाद व जयभीम.
तुझं पत्र वाचून आधी हसलो. मग हसू गेलं. लहानपणी ताई आणि मी गावच्या विहिरीपासून लांब हंडा घेऊन उभे राहायचो, कुणाला दया येऊन पाणी ओतेपर्यंत. तुझ्या आईला विचार. निकाल देताना मला ते आठवलं नसेल असं समजू नकोस. फार वाईट वाटलं.

पण पोरी, तू भाची म्हणून तुझ्या वज्राला सोडलं, तर उद्या शेजारचा जगन त्याच्या दरोडेखोराला स्वर्गात घ्या म्हणून माझ्या डोक्यावर बसेल. त्याला कोणत्या तोंडाने अडवू? बाहेर सगळीकडे ओळखीवर कामं होतात. माझ्या टेबलावर तरी फासा सगळ्यांना सारखा. निकाल कायम.

तू येणार नसशील तर खेळच बंद करतो. एकट्या जगनशी खेळण्यापेक्षा भिंतीशी खेळलेलं बरं. त्याच्याच हाती पुस्तक पाठवतोय. माझी चूक निघते का बघ. निघाली तर मलाच सगळ्यात जास्त आनंद होईल.

ताईला नमस्कार. राग ओसरला की आठवण ठेव.
तुझा
शिवराममामा


कोपरी
१३ मार्च १९९५

ति. मामांस जयभीम. वि. वि.
मामा, चूक निघाली नाही! तुमचा निकाल अगदी बरोबर आहे, आणि मी आनंदाने नाचतेय!

अंधारविवराचं पान तुम्ही पुरतं वाचलंच नाहीत. आपल्यातलं कुणी तिथे जाईल असं वाटलंच नसणार. तिथे खाली लिहिलंय की मेलेल्याचा खेळ संपत नाही, हवा तर विवरातही चालू ठेवता येतो. आणि परलोक असतो तिथल्या रहिवाशांसारखा. ते बदलले की जागा बदलते!

म्हणून वज्राला सोडवू नका. विचार करा, तिथे शपथ मोडलेले किती असतील, आणि त्यातले किती असंच कुणाचं तरी कुलूप उघडून आलेले असतील! विवरात पाण्याची काय सोय आहे, हे पुस्तकात कुठेच नाही. म्हणजे ते आपण ठरवायचं. रविवारी माझी पहिली चाल लिहून घ्या: वज्रा माणसं गोळा करते आणि तळं खणायला लागते.

हे सगळं आईला वाचून दाखवलं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. तव्यावरची करपली तरी कळलं नाही. मग म्हणाली, मला घेतील का खेळायला? मी म्हटलं, घेतील की, पण विवरात जायचं तर आधी मरावं लागतं. तर म्हणते, शिवाला सांग, मला पहिल्याच चालीत मार. आणि त्या तळ्याला कुलूप लावायचं नाही, हे आत्ताच ठरवून टाक.

रविवारी दोघी येतोय. लोभ आहेच, फासे तेवढे काढून ठेवा.
तुमची
शालन