मागची खोली ताईला, आठवी धाकटीला

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चोवीस, कामानिमित्त घरापासून दोन दिवसांच्या प्रवासाइतका लांब राहणारा, कागदोपत्री नाव काहीही असो, घरीदारी भिंगरी म्हणून ओळखला जाणारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. आई याला दुजोरा देणार नाही, पण तिचं हे म्हणणं माझ्या जन्मापासूनचं आहे, ते आजाराचं लक्षण धरू नये. मला कुणी धाक घातलेला नाही, कुणी काही पाजलेलं नाही. मजकूर माझा, शुद्धलेखन वकीलबाईंचं.

१. या वयात मृत्युपत्र कशाला, याचा खुलासा. उंच इमारतींच्या बाहेरच्या काचा दोराला लटकून पुसणं हे माझं काम. त्याआधी बेकरी, ट्रकवर क्लीनर, फरशा, रंगकाम आणि आठवडाभर एका बाईंची कुत्री फिरवणं, एवढं करून झालं. यंदा कंपनीने फॉर्म दिला: वारसाचं नाव लिहा. जागा एकाच नावाची. मुकादम म्हणाला, "बापाचं नाव टाक आणि चल वर, काचा काय आपोआप पुसल्या जाणारेत?" बापाचं नाव टाकलं तर सगळं बाबांकडे जाईल, आणि बाबांकडून पुढे ते मुलींपर्यंत पोचणार नाही, हे मला पक्कं ठाऊक. म्हणून फॉर्म खिशात घातला, सुट्टी टाकली आणि गावी येऊन वकीलबाईंकडे गेलो.

२. मागची खोली. बाबांच्या इस्त्रीच्या दुकानामागचा तुकडा मी विकत घेऊन त्यावर बांधलेली, माझ्या नावावरची खोली, खिडकी आणि कडीकोयंड्यासकट, ताईला द्यावी. तिथे गिऱ्हाइकांची गाठोडी ठेवू नयेत. "एकटीला काय करायची आख्खी खोली?" असं कुणी विचारलं तर तिने दार लावून घ्यावं.

कारण लिहितो. ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. दुकानात हात कमी पडू लागले तेव्हा घरात दोन मुलं होती, एक चौथीत आणि एक दुसरीत. कुणाला काढायचं यावर बोलणंसुद्धा झालं नाही. ताईचे हात टेबलाला पुरेनात म्हणून तिला साबणाच्या खोक्यावर उभं केलं. मी शिकलो. म्हणजे शाळेत गेलो. पाचवीत एकदा नापास, सातवीत दोनदा. दर वेळी बाबा म्हणाले, "पोरगं आहे, सुधारेल." पुन्हा बसवलं तेव्हा मी शाळेची भिंत चढून पळालो. शाळेतलं तेवढंच शिक्षण आज उपयोगी पडतंय.

मी पळालो तेव्हा आमच्या घरातल्या एकाच्या शाळेची सोय रिकामी पडली. ती ताईला द्यावी असं कुणाच्या मनात आलं नाही. बाबांच्या नाही, आईच्या नाही. खरं लिहायचं तर माझ्याही नाही. मी उलट तिच्याकडेच गाडीभाडं मागितलं, आणि तिने ते कोळशाच्या डब्यामागून काढून दिलं. याबद्दलचा राग मी दुसऱ्या कुणाच्या वाटणीला देत नाही, तो माझा मीच ठेवून घेतो.

३. शिल्लक. बँकेतली आणि कंपनीकडून मिळेल ती सगळी रक्कम धाकटीच्या शिक्षणासाठी. सांभाळणार ताई. बाबा नाहीत, कुठलाही काका नाही.

धाकटी चौदा वर्षांची. यंदा आठवीत गणितात नापास झाली. तिचा फोन आला.

"दादा, बाबा म्हणतात, अकरा मार्कवालीला शाळा कशाला? आता टेबलावर उभी राहा."

"अकरा? मला सात होते!"

"खोटं."

"आईला विचार. त्या प्रगतिपुस्तकाची होडी करून गटारात सोडली होती."

ती हसली. मग म्हणाली, "पण तू मुलगा होतास ना."

मी तोंडाळ म्हणून प्रसिद्ध आहे. तेव्हा एवढंच म्हणालो, "फोन बाबांना दे."

मग बाबांशी बोललो. ते म्हणाले, "हुशार असती तर घर विकून शिकवली असती रे." बाबा खोटं बोलत नाहीत, विकलंच असतं. पण हुशार मुलीसाठी सगळं जग हळहळतं. मला घोर आहे तो काठावरच्या मुलींचा. काठावरची मुलं जगभर साहेब होऊन बसली आहेत. आमच्या मुकादमाला बेरीज बोटांवर करावी लागते.

आणि धाकटीचं शिकणं बिनकामाचं नाही. ती दहा वर्षांची असताना वसतिगृहाच्या चादरींचं काम आलं. बाबांनी वर्षाच्या करारावर अंगठा उठवला. दुपारी धाकटीने तो कागद सहज वाचला.

"बाबा, यात चादरी न्यायच्या-आणायच्यापण आपणच. आणि कोळसा महागला तरी दर तोच."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही मला दाराबाहेर बसवलं होतंत. मोठ्यांचं चाललंय म्हणालात."

वर्षभर ताईने डोक्यावरून चादरी वाहिल्या. तीन माणसं राबली आणि वर्षाच्या शेवटी घरात होतं तेवढंही उरलं नाही. आमच्या घरात दारिद्र्य कुठून येतं असं मला कुणी विचारलं तर मी तो कागद दाखवीन. वाचणारी घरातच होती, उंबऱ्याच्या बाहेर बसलेली.

म्हणून अट एकच. धाकटी नापास झाली तरी तिला पुन्हा बसवावं. एकदा, दोनदा, माझ्याइतक्या वेळा. पहिला नंबर आला तरच शाळा, अशी अट मला कुणी घातली नव्हती, तिलाही घालू नये. भिंत चढून पळाली तर मात्र तिचं ती बघेल.

४. आईला माझा फोन. तिला अक्षरं येत नाहीत, पण नंबर ती चित्रांवरून ओळखते. ताईसमोर फूल आहे, बाबांसमोर रेडा. रेडा तिनेच निवडला, मी फक्त लावून दिला.

५. समोरच्या किराणा दुकानदारांना काहीही नाही. ते बाबांना वीस वर्षं सांगत आले, "मुलीला शिकवणं म्हणजे भाड्याच्या घराला रंग देणं." त्यांच्या दुकानाची पाटी मीच रंगवली होती. दुकान भाड्याचंच आहे.

६. माझा दोर कुणालाही देऊ नये, कापून टाकावा. वापरलेल्या दोरावर दुसऱ्याचा जीव टांगू नये, असा आमच्या धंद्यात नियम आहे. पट्टा आणि हेल्मेट कंपनीचं, ते परत करावं.

७. वकीलबाई म्हणाल्या, हे सगळं मी मेल्यावरच लागू होईल. मी म्हटलं, "शाळेचा अर्ज तर पुढच्या सोमवारी भरायचाय. इतक्या घाईत माझं जमेलसं वाटत नाही. कलम तीनमधली अट तेवढी जिवंतपणी लागू करता येईल का?" त्या म्हणाल्या, "येईल की. त्याला बापाशी बोलणं म्हणतात. त्याला स्टॅम्प लागत नाही."

८. म्हणून बाबा, तुमच्याशी बोलतो. तुमच्या वाटणीला मी काही ठेवलेलं नाही, यावर रुसू नका. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असा कायदा आहे. तुम्ही मला तीन वेळा पुन्हा शाळेत बसवलंत. तुमचं मनगट दुखतंय तेही मला कळतं. दुकानाला मी वाफेची इस्त्री पाठवतो, माणूस ठेवा, मी आणखी दोन इमारती पुसेन. पण या कागदावर मला तुमचा अंगठा हवा आहे, आणि अंगठ्याआधी यातला शब्द न् शब्द तुम्ही ऐकून घ्यावा. वाचून दाखवायला कुणाला बोलवायचं ते तुम्ही ठरवा.

स्थळ: दुकानाची पुढची खोली, इस्त्रीचं टेबल.
तारीख: शाळेचे अर्ज सुरू होण्याआधीचा शुक्रवार.

मृत्युपत्र करणार: भिंगरी (सही)

साक्षीदार पहिला: किराणा दुकानदार. सही माझ्यासमोर झाली एवढंच खरं. कलम पाच मान्य नाही. (सही)

साक्षीदार दुसरा: मृत्युपत्र करणाऱ्याचे वडील, इस्त्रीवाले. अक्षर धाकट्या मुलीचं, बोलणं माझं. मुलाने माझ्यासमोर सही केली. सगळा मजकूर धाकटीने मला दोनदा वाचून दाखवला. पहिल्यांदा मी मध्येच उठून गेलो होतो. सोमवारी अर्ज भरायला मी स्वतः तिच्याबरोबर जाईन. त्यासाठी मुलाने मरायची गरज नाही. (डाव्या हाताचा अंगठा)