लाथेनंतरचा नमस्कार

वाटूर, ता. परतूर
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

चि. काकासाहेब यास,
दैवशालाअक्काचे आशीर्वाद. नंदाबाईला आणि माऊलीलाही सांग.

काल तुझा निरोप आला. तोही माझ्याकडे नाही, भागवतच्या हॉटेलवर, त्याच्या फोनवर: अक्षताला सोमवारी सामानासकट धावड्याला पाठवा. म्हणून लिहिते आहे. मी फोन केला असता तर तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर मी ओरडले असते. त्यापेक्षा पत्र बरं.

मुलगी उद्या येते. शिकायला माझ्याकडे ठेवली ती बापाने, आता बोलावलं बापाने, म्हणजे तिने जायचं. यावर माझं काही म्हणणं नाही. तब्येत उत्तम आहे. अकरावीच्या चाचणीत गणितात वर्गात पहिली आली, रसायनशास्त्रात आळस केला. तेवढं बोलून ठेव. इकडे कापूस वेचायला माणूस मिळत नाही. तिकडे मका घरात आला असेल.

आता सिनेमाचं. तू त्याला तमाशा म्हणतोस, म्हणून तो आहे काय ते एकदा नीट ऐक.

लग्नाच्या शूटिंगचं दुकान चालवणाऱ्या सोमेश्वरने दोन वर्षांपूर्वी ‘वाटूर फाट्याची वाघीण’ काढायचं ठरवलं. अक्षता तेव्हा नववीत होती, शाळेत कराटे शिकत होती, म्हणून वाघीण तिलाच केलं. मी त्याच्याकडून लेखी घेतलं: शिवी नको, रक्त नको, आणि आजीला नातवंडं शेजारी घेऊन पाहता आलं पाहिजे. संवाद मी लाल शाईने तपासते. खलनायक भागवत. माणूस तुझ्याच वयाचा, मिशा तेवढ्या भयंकर. त्याच्या तोंडी एक ‘मुडद्या’ होता, तोही मी काढला.

पहिल्या दिवशी रामकिसनच्या खळ्यावर मारामारी होती. अक्षताने फिरून लाथ मारली, ती बराबर भागवतच्या छातीला लागली आणि तो कडब्यावर पडला. इथपर्यंत ठीक. मग ही बया वाकली, त्याच्या छातीला हात लावला आणि तो हात स्वतःच्या कपाळाला लावला. सोमेश्वरने कॅमेरा बंद करून विचारलं की, बाई, व्हिलनला नमस्कार करतेत का? तर म्हणाली, पाय लागला ना काकाला.

पुन्हा घेतलं. पुन्हा नमस्कार. लाथेसाठी तिला सांगावं लागत होतं, नमस्कार आपोआप होत होता. अकरा वेळा तेच. बाराव्या वेळी भागवत कडब्यावरूनच म्हणाला, “सोमेश्वर, नमस्काराचंच ठेव बाबा. माझी पाठ गेली.”

तेच ठेवलं. पडद्यावर ते पाहून लोक आधी हसले, मग म्हाताऱ्या बायांनी टाळ्या वाजवल्या, आणि सिनेमा पंचक्रोशीत गेला. पहिल्या भागात भागवत मेला होता. लोकांना तो पुन्हा हवा झाला, म्हणून दुसऱ्या भागात तो स्वतःचाच जुळा भाऊ होऊन आला. त्यात सात मारामाऱ्या आहेत आणि सात नमस्कार. आता गल्लीतली पोरं भांडली तरी लाथ मारून पाया पडतात, आणि पाया पडल्यावर पुढचं भांडण होत नाही. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. ‘पाय लागला तर नमस्कार करावा’ हे दर वर्षी फळ्यावर लिहिलं. पोरं ते शिकली तुझ्या मुलीकडून. मला याचा अभिमान आहे, आणि तो मी कोणापासून लपवत नाही.

गणपतीतल्या त्या संध्याकाळबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. पण मग हे पत्र खोटं होईल.

तू न कळवता आलास, तोही सिनेमा संपत आल्यावर. शाळेच्या मैदानात दुसरा भाग चालू होता, सगळं गाव बसलेलं. शेवटची मारामारी आली आणि तू उठून पडद्यासमोर उभा राहिलास. तुझ्या पांढऱ्या सदऱ्यावर सिनेमा पडत होता. म्हणालास, बंद करा हा तमाशा, बापाच्या वयाच्या माणसाला लाथा मारायला मी पोरगी हितं ठेवली न्हाई. धावड्यात पाहुण्यांनी तुला काय काय ऐकवलं असेल, ते मला आता कळतं. तेव्हा कळलं नाही. मी उठले आणि तुझ्या थोबाडीत मारली. अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाला, त्याच्या मुलीसमोर, चारशे लोकांसमोर. तू तसाच गेलास. पाचच मिनिटं थांबला असतास, तर नमस्कार पाहिला असतास.

आठ दिवस अक्षता माझ्याशी कामापुरतं बोलली. नवव्या दिवशी भाकरी थापत होते तेव्हा मागे येऊन उभी राहिली.

“आत्या, पप्पाला मारलं तुम्ही. मंग नमस्कार का न्हाई केला?”

मी म्हटलं, मोठ्यांनी लहानांना करायचा नसतो.

“भागवतकाका मोठे हायेत म्हणून न्हाई करीत मी. लागलं म्हणून करते.”

वर्गात मला असं कोणी कधी दुरुस्त केलं नव्हतं.

दोन महिने गेले. आईमागे मी तुला वाढवलं, म्हणून माझा हात तुझ्यावर उठू शकतो, असं मी धरून चालले होते. ते बिलकुल चूक होतं. काकासाहेब, तुला लागलं. मी नमस्कार करते.

आता कामाचं. तिसरा भाग झाला आहे, शेवटचा प्रसंग तेवढा राहिला. वाघिणीला तिचा बाप कराटेचा तपकिरी पट्टा बांधतो. भागवत आता सज्जन झालेला, म्हणून बाप त्यालाच करायचं ठरलं. त्याने नवा सदराही शिवला. अक्षताने ऐन वेळी नकार दिला. म्हणाली, काका, तुम्ही व्हिलनच बरे, बाप हाय मला. सोमेश्वरने कॅमेरा गुंडाळला. तीन आठवडे झाले, तो प्रसंग तसाच पडून आहे. तिने तुला हे सांगितलं नसणार. सांगणारही नाही.

तुला अभिनय येत नाही हे मला माहीत आहे. संवाद नाहीत. पट्टा बांधायचा, गाठ समोर आली पाहिजे. दोन मिनिटांचं काम. मुलगी सतरा वर्षांची आहे. तुझ्या सहीशिवाय पुढे काही होणार नाही, आणि मी होऊ देणार नाही. नाही म्हणायचं असेल तर तिलाच म्हण, तिच्याकडे बघून. भागवतच्या फोनवर नको.

तुला मारणारी आणि तुझीच,
अक्का

सोमवार, १८ नोव्हेंबर, सकाळी सात. तिला धावड्यापर्यंत पोचवायला भागवत निघाला आहे. जालन्याच्या गाडीत बसवताना त्याच्या हवाली केलं ते असं:
अक्षता, सुखरूप, जेवून.
तिची कपड्यांची बॅग आणि पुस्तकांची पिशवी.
कराटेचा पांढरा पोशाख, इस्त्री केलेला. तिने तो माझ्या कपाटात लपवून मागे ठेवला होता. मी काढून बॅगेत घातला.
दुसरा भाग, पेनड्राइव्हवर. तू उठलास तिथून पुढे पाहावा.
संमतीचा कागद, सहीची जागा कोरी.
तपकिरी पट्टा एक, नवा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. अक्षताला दाखवलेला नाही. तिच्या नकळत तुझ्याच हातात द्यावा, असं भागवतला बजावलं आहे.