सिस्टरच्या संसाराची नोंद होण्याबाबत

प्रति,
मा. फादर,
प्रमुख धर्मगुरू व प्राथमिक शाळेचे व्यवस्थापक,
धर्मग्राम कार्यालय.

विषय : शाळेच्या इतिहासात एक शब्द बदलण्याबाबत व कबरीच्या दगडावर एक शब्द कोरू देण्याबाबत.
संदर्भ : शाळेच्या इतिहासाचे पुस्तक, प्रकरण 'पहिली इयत्ता'.

महोदय,

मागच्या रविवारी मिस्सा संपल्यावर शाळेच्या इतिहासाचे पुस्तक वाटण्यात आले. मी ते चर्चच्या पायरीवरच उघडले. माझी पत्नी वारली त्याला वर्ष होत आले. पण ती माझी पत्नी नव्हतीच, हे मला त्या दिवशी कळले.

पुस्तकात छापले आहे, 'संसार सोडून सिस्टरांनी पहिलीचा वर्ग आयुष्यभर सांभाळला आणि मुलांनाच आपले मानले.' आम्हाला मूल झाले नाही, त्यापुरते पुस्तक बरोबर आहे. संसार मात्र तिने सोडला नव्हता. तो तिने माझ्याबरोबर, शाळेमागच्या गल्लीत, दोन खोल्यांत केला.

चूक कशी झाली ते मी सांगतो. शाळा चर्चच्या पडवीत भरत होती तेव्हा पहिलीला मठातल्या एक धर्मभगिनी शिकवत. त्या आजारी पडल्या आणि वर्ग माझ्या पत्नीकडे आला. मुलांना उठून 'गुड मॉर्निंग, सिस्टर' म्हणायची सवय होती, मुले तिलाही तसेच म्हणाली. मी म्हटले, "अगं, बाई म्हणा म्हणून सांग की." ती म्हणाली, "आत्ता कुठे रडायची थांबलीत. म्हणू देत." तेव्हापासून ती सिस्टर आणि मी सिस्टरचा नवरा. रंगाच्या दुकानात लोक विचारायचे, "काय हो, फादरांना विचारून केलंत का लग्न?" ती थट्टा मला तेव्हा कधी लागली नाही. आता लागते.

पुस्तकात मेणाच्या अक्षरांबद्दलही लिहिले आहे, की ही पद्धत मठातून आली. ती आमच्या स्वयंपाकघरातून आली. मी रंगारी आहे. भिंतीला मेण लागले की तिथे रंग धरत नाही, अशी तक्रार मी एकदा जेवताना केली. तिने वेदीवरच्या मेणबत्त्यांची थोटके मागून आणली. कोऱ्या कागदावर ती मेणाने मुलाचे नाव लिही, आणि मूल माझ्या जुन्या ब्रशने वरून पातळ शाई फिरवी. नाव पांढरे उठे. या शाळेतल्या कितीतरी मुलांनी आपले नाव पहिल्यांदा असे पाहिले.

दुरुस्तीसाठी मी कार्यालयात गेलो. तिथले लेखनिक तिचेच विद्यार्थी. ते म्हणाले, "काका, मला सगळं माहीत आहे. पण पुस्तकाच्या समितीने लिहून दिलं ते छापलं. त्या धर्मभगिनी नव्हत्या असं मठाचं पत्र आणा." मठात गेलो. तिथल्या मदर म्हणाल्या, "जी आमच्यात कधी नव्हती, तिच्या नसण्याचं पत्र आम्ही कशाच्या आधारावर द्यायचं?" त्यांचेही खरे आहे.

दुसरी अडचण कबरीची आहे. जुने विद्यार्थी येतात, सिस्टर म्हणून तिला धर्मभगिनींच्या ओळीत शोधतात आणि सापडली नाही की तिथेच फुले ठेवून जातात. ती मागच्या भिंतीलगत आहे. म्हणून दगडावर नावाखाली 'सिस्टर' कोरण्याची परवानगी मी मागितली. त्याच टेबलावर, त्याच लेखनिकांनी सांगितले, की तो शब्द फक्त धर्मभगिनींच्या दगडावर चालतो. मी म्हटले, "पण पुस्तकात तुम्हीच तिला धर्मभगिनी केलंत." ते म्हणाले, "पुस्तक वेगळं, दफनभूमी वेगळी. काका, तुम्ही एकदा काय ते ठरवा. त्या सिस्टर होत्या की नव्हत्या?"

फादर, ती सिस्टर होती आणि माझी बायकोही होती. एकाच घरात दोन्ही होती, आणि मला त्याची कधी अडचण झाली नाही. कार्यालयात मात्र ती पुस्तकापुरती सिस्टर आहे आणि दगडापुरती नाही. दोन्हीकडे माझ्या वाट्याला काही उरत नाही.

तरी विनंती की, पुस्तकातील 'संसार सोडून' याऐवजी 'संसार करून' असे करावे. उरलेल्या प्रतींवर चिठ्ठी चिकटवायची असल्यास ते काम मी करीन, चिकटवायला माझा हात बसलेला आहे. आणि दगडावर 'सिस्टर' हा शब्द कोरू द्यावा, म्हणजे मुलांना ती सापडेल.

सोबत आमच्या विवाहाच्या दाखल्याची प्रत जोडली आहे. तो आपल्याच चर्चमधला आहे.

पाथरवटाने दगड घासून कबरीच्या उशाशी उभा केला आहे. काय कोरायचे, असे तो भेटेल तेव्हा विचारतो. त्यावर अजून काही कोरलेले नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
(सही)
रंगारी, सिस्टरचा नवरा

दिनांक : १२ नोव्हेंबर