कोंबड्यांचं खुराडं आणि आईच्या पलंगावरची फळी

१२ फेब्रुवारी, दुपार

प्रिय ठोक्या,

आम्ही दोघी बऱ्या आहोत, तूही बरा असशील. दोन वर्षांत पत्र नाही, फोन नाही, आणि आज ताईला एकदम कुठून पाझर फुटला, असं म्हणशील. म्हण. आधी बातमी ऐक. मी परसात कोंबड्यांचं खुराडं बांधलं. स्वतः, या दोन हातांनी. हसून झालं की पुढे वाच.

आईने हौसेने चार कोंबड्या आणवल्या. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बोक्याने एक नेली, तेव्हापासून उरलेल्या तिघींचा मुक्काम न्हाणीघरात. आंघोळ करायची तर आधी त्यांची परवानगी घ्यायची. शेवटी कंबर कसली.

तीस वर्षं शिवणकाम केलेली बाई सुतारकामाला लागली की काय होतं ते सांगते. वर्तमानपत्रावर नमुना काढला, टेपने मापं घेतली, खडूने फळ्यांवर रेघा मारल्या आणि सवयीप्रमाणे प्रत्येक फळी शिवणीसाठी चारी बाजूंनी बोटभर जास्त सोडून कापली. एकही जागेवर बसेना. आई खुर्चीत बसून सगळं बघत होती. म्हणाली, "अगं, कापड दुमडतं. फळी कशी दुमडणार तू?" सगळ्या परत कापल्या, तळहाताला फोड आले. तुझे हात खरखरीत आहेत म्हणून लहानपणी चिडवायचे, ते सगळं मागे घेते.

पण झालंय मात्र भक्कम. गुडघाभर उंचीचे चार पाय, म्हणजे खालून ओल येत नाही. बारीक भोकांची जाळी, आत बसायला गोल दांडी, वर उतरता पत्रा, दाराला दोन कड्या. परवा बोका संध्याकाळभर जाळीला नाक लावून बसला आणि हात हलवत परत गेला.

राहिली होती अंडी घालायची पेटी. ती बाहेरच्या अंगाला टांगायची होती. लांब स्क्रू फिरेनात, मला घाई, म्हणून चार बारके खिळे मारले. दुसऱ्या दिवशी सकाळी लाल कोंबडी आत जाऊन बसली आणि पेटी तिच्यासकट खाली आली. कोंबडीला काही झालं नाही, नुसती तासभर बोंब मारत फिरली. आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "माझ्या पलंगावरची फळी ठोकणाऱ्यानेच ही पेटी ठोकली वाटतं."

मला हसू आलं नाही. तिने थट्टा केली, पण ते खरं होतं, ठोक्या. तेवढं सांगायलाच हे पत्र लिहायला घेतलं, आणि इतका वेळ कोंबड्यांभोवती घुटमळतेय.

ती फळी तू पलंगाच्या वर भिंतीत चार लांब स्क्रूंनी बसवली होतीस. ती जन्मात हलली नसती. तू ती बसवून गेल्यावर, आई चार दिवस गावाला असताना, भिंत रंगवायची म्हणून मी ती काढली. परत लावताना स्क्रू बसेनात, बाहेर पडदे न्यायला गिऱ्हाईक उभं होतं. मी बारके खिळे मारून मोकळी झाले. आठ दिवसांनी फळी पडली आणि आईचं मनगट मोडलं. तू धावत यायच्या आत मी जमिनीवरचे खिळे उचलून खिशात टाकले. आणि मग शेजारीपाजारी जमलेले असताना म्हणाले, "याच्या हातचं काही टिकत नाही." भिंतीतली खिळ्यांची भोकं बघायचंही तुला सुचलं नाही. आपलंच चुकलं असं धरून चाललास.

पुढे तू हत्यारं विकलीस. आता कुठल्याशा गोदामात पोती उचलतोस, असं कानावर आलं. तुझ्यासारखा सुतार! मला सगळं माहीत होतं आणि मी गप्प बसले. घाबरले होते. याहून बरं कारण खूप शोधलं, सापडलं नाही. त्या दिवसांत तू दारावरून न वळता गेलास की आत येऊन मशीन चालवायचे, म्हणजे आईला माझं रडणं ऐकू जाऊ नये.

पेटी पडली त्या दिवशी आईला सांगून टाकलं. दीड दिवस ती आपला चहा आपणच करून घेत होती. मग जेवताना ताटाकडे बघत म्हणाली, "त्याला कळव. आणि ज्यांच्यापुढे बोललीस, त्यांच्याकडेही जा." आज सकाळी गेले. बेकरीवाल्याकडे, शाळेतल्या बाईंकडे, समोरच्या डॉक्टरांकडे. दारात उभं राहून सगळं सांगितलं. बेकरीवाला बराच वेळ पाव पिशवीत भरत राहिला. मग म्हणाला, "मी त्याला बोलवायचं बंद केलं ते तुमच्या शब्दावर." त्याला दुकानात नवीन फळ्या करून हव्या आहेत. तुला विचारायला त्यालाही तोंड नाही.

तू यावंस म्हणून हे लिहीत नाही. पेटीही आता नीट लागली, लांब स्क्रूंनी. मला माफ करावंस असंही म्हणत नाही. रागाव, वाटेल ते बोल, मी ऐकून घेईन. पण करवत परत हातात घे. तुझ्या कामात कधीच खोट नव्हती. आणि माझा तुझ्यावर फार जीव आहे, हे तुला एवढ्या वर्षांत एकदाही सांगितलं नाही, तेही आजच सांगून टाकते.

आईला पत्र वाचून दाखवलं. तिने पेन मागितलं, खालची ओळ तिची आहे. मोठ्या बहिणीने शेवटी आशीर्वाद द्यायचा असतो. आज तो हक्क मला नाही, म्हणून माफी मागते.

फळी पाडणारी,
तुझी ताई

बाळा, त्या दिवशी मी तुला काही विचारलंच नाही. ते माझं चुकलं.
आई