रॉडनीने मळलेली वाट

मी, मार्गिट ओस्टबी, वय एक्क्याऐंशी, विधवा, राहणार टॅमरॅक क्रीक, ब्रिटिश कोलंबिया, स्वखुशीने लिहून ठेवते की, माझे गुडघे गेले, कान निम्मे गेले, डोकं मात्र ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा रॉडनी कोर्टात "म्हातारीला भ्रम झाला होता" म्हणायला कमी करणार नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आजवर कोणाची टाप झालेली नाही.

१. घरामागच्या डोंगरावरचं जुनं जंगल मला वडिलांकडून मिळालं असून ते माझ्या एकटीच्या मालकीचं आहे. त्यातलं एकही झाड तोडता येणार नाही, असा करार मी नोंदवून टाकला आहे. कॅरिबू हरणं हिवाळाभर झाडांना लोंबणाऱ्या काळ्या दगडफुलावर जगतात, आणि ते भरभरून येतं फक्त म्हाताऱ्या झाडांवर. हे जंगल मी माझी पूर्वीची सून शेली हिला देते. रॉडनीने तिला सोडलं, मी सोडलेलं नाही.

रॉडनी, वाचताना उठू नकोस. खाली बस.

२. कारणही लिहून ठेवते, म्हणजे गावात भलतंसलतं पसरायला नको. वरच्या भुसभुशीत बर्फात लांडगा पोटापर्यंत रुततो, कॅरिबूचे पसरट खूर रुतत नाहीत. एवढ्या एका गोष्टीवर ती बिचारी जनावरं तगून आहेत. गेल्या हिवाळ्यात रॉडनीने बंदी असताना पर्यटकांची हौस म्हणून बर्फगाड्या थेट कड्यापर्यंत नेल्या. वाट मळली, बर्फ दाबून टणक झाला आणि लांडगे त्या वाटेने आरामात वर गेले. कळपातली शेवटची गाभण मादी शेलीला सापडली ती तुकड्यांत. तिचं आदल्या वर्षीचं पाडस तेवढं वाचलं. ते आता शेलीने त्याला सांभाळायला घातलेल्या कुंपणात आहे.

"आई, लांडग्यांनी मारलं तिला. मी मारलं का?"

"नाही रे बाबा. तू फक्त त्यांना रस्ता करून दिलास."

"एका हरणापायी पोटच्या पोराला धारेवर धरतेस?"

"पोटचा पोर जंगल विकायला निघालाय हे मला हरणाने नाही सांगितलं. लाकूडवाल्याने सांगितलं."

त्यावर तो दार आपटून गेला. बिजागरी अजून तशीच आहे, त्यानेच दुरुस्त करावी.

३. राहतं घर रॉडनीला, एका अटीवर. दर पानगळीत वादळाने पडलेल्या झाडांवरचं दगडफूल त्याने हाताने वेचून, काड्या-साली निवडून, पाडसाच्या चाऱ्यासाठी शेलीच्या कुंपणावर पोती पोचवावीत. माल स्वच्छ आहे की नाही हे शेली ठरवील. तिने परत केला तर मुकाट्याने पुन्हा निवडावा. कुरकुर केली तर घर शेलीचं. पाडस मेलं तरी अट सुटत नाही; दुसऱ्या कळपांनाही पोट आहे.

४. नवऱ्याची लाकडं कापायची यांत्रिक करवत रॉडनीला. तिची साखळी मी नदीत टाकली आहे. सासूबाईंची अंगठी त्याच्या नव्या बायकोला, तिची नजर होतीच. खडा खोटा आहे.

५. माझी राख त्या जंगलात, वडिलांच्या देवदाराखाली पडावी असं मला जन्मभर वाटत आलं. अजूनही वाटतं. पण तसं करू नये. रॉडनी वाईट असला तरी रडका आहे. आई तिथे आहे म्हणून भर बर्फात फुलं घेऊन येईल, मागून त्याची बायको येईल, आणि पुन्हा वाट मळेल. मला गावातल्या दफनभूमीत, माझ्या नणंदेच्या शेजारी ठेवावं. ती जिवंत होती तेव्हा भांडणापायी चाळीस वर्षं मी तिचं तोंड पाहिलं नव्हतं.

वरील मजकूर मी वाचला, मला तो मान्य आहे, आणि साक्षीदारांसमोर सही केली आहे.

मार्गिट ओस्टबी

साक्षीदार: १. ड्वेन पेलेटियर, पोस्टमास्तर
२. आयरिस कोवालचुक, शेजारीण

ठिकाण: टॅमरॅक क्रीक
तारीख: ३ नोव्हेंबर २०२१